पाणी उतरल्यावर

सुरत,
ता. २४ ऑगस्ट २०२४

ती. दाऊदभाईस शहाबानोचा सा. सलाम वि. वि.

तापीला पूर आल्याचं कळल्यापासून घास उतरत नाही. अम्मीची कबर काठापासून आता केवढीशी लांब राहिली आहे! गेल्या ईदला आले तेव्हा मधली बाभळीची रांगच दिसली नाही. मौलवीसाहेबांना विचार आणि अम्मीला वरच्या जागेत हलव. तू मेळ्यातल्या घोड्यांची खोगिरं शिवत बसशील आणि नदी तिला घेऊन जाईल. धाकटीचं बोलणं पोटात घाल, लोभ ठेव.

तुझी,
शहाबानो

सारंगखेडा,
ता. २९ ऑगस्ट

चि. शहाबानोस अनेक दुआ.

तू जन्माची घाबरट! मौलवीसाहेब तयार होते, मीच नको म्हटलं. झोपलेल्या आईला कोण उठवतं? पाणी चढत होतं तोवर मी काठावर बसून राहिलो. कबरीच्या पायथ्याला लागलं, पण मातीचं ढेकूळ हललं नाही. काल पाणी उतरलं. उखा नाववाला म्हणे, पानी उतरनं, आते भ्याव नही. गंगेत घोडं न्हालं! घरी येऊन पोटभर जेवलो. लोभ आहेच, तो काळजीत बुडवू नकोस.

दाऊद

सारंगखेडा,
ता. ३१ ऑगस्ट

चि. शहाबानो,

दुआ लिहायला हात धजत नाही. फोनवर सांगवलं नाही. अम्मीची कबर गेली.

काल दुपारी अगरबत्ती घेऊन गेलो, तर वाट वळते तिथेच संपली. कबर, कडुनिंब, सगळा काठ खाली. लख्ख ऊन, नदी शांत. अगं, पुरात नाही, पूर ओसरल्यावर! काठ आतून भिजून जड झाला होता आणि त्याला टेकू होता तो पाण्याचाच. चढत्या पाण्याची राखण केली. उतरत्या पाण्याची कोणी करतं का? अजून खरं वाटत नाही. लोभ मागायला तोंड नाही.

दाऊद

सुरत,
ता. ४ सप्टेंबर

ती. भाईस सलाम.

तुझं पत्र मिळालं. रडूही आलं नाही. अम्मी आयुष्यभर म्हणायची, एकदा सुरतेला येते, तुझं घर बघते. दर वेळी तू म्हणायचास, मेळा होऊ दे.

तुझ्याकडची तापी पुढे इथेच येते, पण मधे उकाईचं धरण आहे, ते काही पुढे येऊ देत नाही, हे मला कळतं. तरी सकाळी पलंगावरची चादर बदलली आणि तापीवर जाऊन आले. इथे तिला दोन काठ आहेत, भाई.

फार रागावले आहे, लोभ तरी तुटत नाही. अम्मीला घ्यायला कोणत्या काठावर उभी राहू, तेवढं कळव.

शहाबानो