धाब्यावर हिरवं लुगडं

केनवड, १० जानेवारी १९५५
कस्तुराचं पत्र आलं. नवऱ्याची बदली नागपूरला. तो विमान कंपनीत मिस्त्री, म्हणून दोघांना विमानानं फुकट नेणार. रविवारी २३ तारखेला, सकाळी आठला मुंबईहून. लिहिते, 'बाबा, तुमच्या डोक्यावरूनच जाऊ.'
जा! मला काय त्याचं?
दोन वर्षांतलं हे अकरावं पत्र. एकालाही उत्तर दिलं नाही. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या गोविंदसिंगशी रजिस्टर लग्न केलं, तेव्हाच सांगितलं होतं — या घरात पुन्हा पाय ठेवू नको. आणि तो माझ्याच वर्गात शिकलेला!

११ जानेवारी
शाळा सुटल्यावर भिंतीवरच्या नकाशावर दोरा धरला. एक टोक मुंबईवर, दुसरं नागपूरवर. दोरा आमच्या रिसोड-वाशीमला घासूनच जातो. सव्वाचारशे मैल, तीन तास! आणि आपण? रिसोडपर्यंत बैलगाडी, अकोल्यापर्यंत मोटार, पुढे रात्रभर आगगाडी.
असं दोऱ्यानं अंतर काढायला गोविंदसिंगला मीच शिकवलं. पोरगं हुशार होतं, ते काही खोटं नाही.
दहाच्या आत ती आमच्या धाब्याच्या, या मातीच्या सपाट छपराच्या, वर असेल.

१४ जानेवारी
संक्रांत. शेजारच्या सुंदरबाईनं तिळगूळ आणून दिला. म्हणाली, "मास्तर, पोरीले एक कार्ड टाका. किती दिस एकट्यानं भाकरी थापून राह्यले तुमी?"
तिच्यावर रागावलो. ती गेल्यावर घर खायला उठलं. मग कार्ड लिहिलं — 'खिडकीशी बस. धाब्यावर तुझ्या आईचं हिरवं लुगडं पसरून ठेवतो.' खाली काय लिहावं कळेना. 'बाबा' लिहिलं.

२० जानेवारी
उत्तर नाही.

२३ जानेवारी
लुगडं पसरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. कस्तुराची आई, रुखमा, गेल्यापासून आजच पेटीतून काढलं. पावणेदहा — काही नाही. दहा — काही नाही. पाच मिनिटांनी आलं! मावळतीच्या अंगानं, चिमणीएवढं. दोन्ही हात हलवले. या वयात, लाज सोडून, 'कस्तुरे!' म्हणून ओरडलो. मिनिटभर दिसलं असेल.
खाली आलो. रडू आलं. लुगडं काढायला परत वर जाववेना, तसंच राहू दिलं.

२४ जानेवारी
काल दिवस मावळता दारात बैलगाडी थांबली. कस्तुरा! हातात माझं कार्ड.
म्हणाली, "विमानातून आईचं लुगडं दिसलं असतं बाबा, तुमी नसते दिसले. मनून मी रेल्वेनं आली."
विमानात गोविंदसिंग एकटाच होता.
म्हणजे काल दोन्ही हात हलवले, ते जावयाला!
हलवले तर हलवले. आज त्यालाही कार्ड टाकलं — ये म्हणून.