डिकीतल्या सामानासह सात आसनी गाडीची व्यवस्था

मी, शिवराम दादू रांबाडे, वय एकाहत्तर, धंदा पूर्वी टेम्पो ड्रायव्हर, आता बागायत, राहणार मौजे फणसकोंड, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गेल्या शिमग्याआधी गावच्या सभेत काही जणांनी तिच्याविषयी उघड शंका घेतली, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे कामातून गेलेत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाईंनी सांगितले.

घर-जमीन वाटायला मला एक पान पुरले असते. हा कागद मुख्यतः माझा मुलगा दीपक याच्यासाठी आहे. सहा वर्षे झाली, त्याने गाडीच्या स्टिअरिंगला हात लावलेला नाही. गणपतीत एक दिवस एकटा रेल्वेने येतो आणि जातो. बायको-मुलीला गाडीत घालून त्याने पुन्हा शिमग्याला घरी यावे, एवढीच माझी इच्छा आहे. बाकीची कलमे रीतीप्रमाणे.

कलम १. राहते घर माझी पत्नी सखू हिच्या हयातीपर्यंत तिचे. तिच्यामागे दीपक आणि माझी मुलगी योगिनी यांचे, निम्मे निम्मे. सात हापूस आणि काजूची बागही तशीच. विहिरीकडचा फणस कोणाच्याच वाट्याचा नाही. ज्याला चढता येईल त्याने काढावा.

कलम २. बँकेत जे असेल ते सखूचे. किती आहे ते माझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक आहे.

कलम ३. जॅक, ओढायचा दोर, पंक्चरची पेटी आणि गाडीतच लावून चाकात हवा भरायचा छोटा पंप, हे सगळे योगिनीचे. ती राजापुरात दिली आहे. जावई स्वभावाने सोन्यासारखे आहेत, पण चाक बदलायची वेळ आली की ते रिक्षा बघतात, त्यांनी राग मानू नये. एकदा गणपतीपुळ्याला मी हौसेने गाडी वाळूत घातली आणि ती रुतली. चार बाप्ये ढकलायला धावले, तशी चाके आणखी खाली गेली. योगिनीने सगळ्यांना बाजूला केले, चारही चाकांतली थोडी हवा सोडली, पुढच्या चाकांखाली पायाखालच्या रबरी मॅट सारल्या आणि मला म्हणाली, "बाबानू, आता हलक्या पायान काढा." गाडी निघाली. मग तिने पंप लावून परत हवा भरली. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता. तेव्हा बोललो नाही, आता लिहितो.

कलम ४. सखूला गाडी लागते. हातखंबा आला की तिच्या पोटात ढवळू लागते, मग मी कितीही सावकाश हाकली तरी उपयोग नाही. यावर उपाय काढला तो सुनेने, रुपालीने. तिने एक झाकणाचा डबा केला. त्यात आलेपाक, लिंबे, पिशव्या, ओला टॉवेल, ओआरएसची पाकिटे, कापूस, पट्ट्या आणि पोरीचा एक जास्तीचा फ्रॉक. मी त्याला फिरता दवाखाना म्हणून हिणवले. मी टेम्पो हाकला सत्तावीस वर्षे, जवळ एक पाना आणि एक बिडीबंडल. पण ज्या दिवशी खरोखर पट्टी लागली, त्या दिवशी ती त्याच डब्यातून निघाली. डबा रुपालीचाच आहे, तो मी तिला देणारा कोण? फक्त तो दरवर्षी भरलेला असावा आणि सखूला पुढची डावी सीट मिळावी.

कलम ५. लहान मुलाला बांधून बसवायची खुर्ची. शमिका, माझी नात, चार वर्षांची असताना रुपालीने ती घेतली. मी म्हणालो, आमची पोरे मांडीवर वाढली, ही काय पोरीला बांधून आणायची रीत? रुपालीने ऐकून घेतले आणि पट्टे आवळले. सहा वर्षांपूर्वीच्या अपघातात दीपकची गाडी आडवी झाली, काचा फुटल्या, आणि शमिका त्या खुर्चीत जशीच्या तशी होती. "आमची गाडी झोपली," असे तिने मला सांगितले. खुर्ची मी धुऊन माळ्यावर ठेवली आहे. पुढे घरात ज्याचे मूल लहान असेल त्याने वापरावी. भंगारवाल्याला दाखवूसुद्धा नये. रुपाली, तुझे बरोबर होते.

कलम ६. डॅशबोर्डवर फोन अडकवायचा स्टँड. हा कोणालाही मिळणार नाही. दीपकच्या मोडक्या गाडीतून मी तो उपसून काढला आणि खाडीत टाकला. तो मीच त्याला घेऊन दिला होता, माझा फोन आला की त्याला लगेच दिसावा म्हणून.

आमच्या गावात शिमग्याला देवीची पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या चौथऱ्यावरून, उठते आणि घरोघर जाते. पहिला मान आमच्या घराचा, माझ्या आजाच्याही आधीपासूनचा. घरच्या पुरुषाने पालखी खांद्यावर घेऊन अंगणात नाचवायची असते. २०१९ साली माझे गुडघे बसले, म्हणून चारच्या आत दीपकने पोचलेच पाहिजे असे मी धरून बसलो. तो डोंबिवलीहून पहाटे निघाला, पण वाटेत सगळी मुंबई कोकणात उतरत होती. संगमेश्वर सुटल्यावर मी त्याला फोनामागून फोन केले. एकदा तो म्हणाला, "बाबानू, येतोय ना. गाडी चालवतोय, ठेवा फोन." मी ठेवला आणि लगेच परत लावला, पालखी उठली हे सांगायला. तो फोन घ्यायला त्याने नजर वळवली आणि गाडी वळणावरून उतरून गटारात आडवी झाली. फोन तेवढ्यात लागला होता, ते सगळे माझ्या कानावर पडले.

रुपालीचा हात मोडला. दीपकने पोलिसांना आणि गावाला सांगितले की कुत्रा आडवा आला. दवाखान्याच्या दारात चार लोकांसमोर मी त्याला म्हणालो, "गाडी जमत नाय तर येष्टीन यायचास." तरी माझे नाव त्याने घेतले नाही. रुपालीनेही आजवर ब्र काढला नाही. मी मात्र लोकांत मिशीवर हात फिरवत राहिलो, की आमच्या वेळचे ड्रायव्हर वेगळे.

दीपक, कुत्रा नव्हता. मी होतो. तू गाडी नीट चालवत होतास. हे मी तुझ्या आईला आणि सगळ्या गावाला या कागदावर सांगतो आहे. सांगण्यासाठी दोनदा तुला फोन लावला, पण हे फोनवर बोलायला जीभ उचलली नाही. मला क्षमा कर.

कलम ७. भिकाजी गोताड, खालची वाडी. त्याचा बाप आणि माझा बाप याच पहिल्या मानावरून भांडले आणि मेले. तो आणि मी तीस शिमगे एकमेकांकडे पाठ करून उभे राहिलो. शिवाय २००४ साली न विचारता नेलेला माझा चाकाचा पाना त्याच्याकडेच आहे, तो त्याने योगिनीला परत द्यावा.

गेल्या शिमग्याआधीच्या सभेत मी उभा राहिलो आणि पहिला मान भिकाजीच्या घराला सोडला. आमच्या घराला सगळ्यांत शेवटची पाळी मागून घेतली. डोक्याविषयीची शंका तेव्हाच निघाली. गुडघ्यांमुळे सोडला असे सगळ्यांनी धरले आणि मी ते धरू दिले. भिकाजी दुसऱ्या दिवशी घरी आला. तीस वर्षांत पहिल्यांदा ओटीवर बसला आणि म्हणाला, "शिवा, भांडून मिळाला असता तर घेतला असता. असा फुकट मना नको. काय झाला तुला?" मी त्याला फोनाचे सगळे सांगितले. घरच्यांच्या आधी त्याला सांगितले, कारण त्याच्यासमोर माझी अब्रू आधीच फारशी नव्हती. त्याने चहा बशीत ओतून संपवला. मग म्हणाला, "तोंडान नाय जमत तर लिवून ठेव. पोरगं जन्मभर सोताला खातंय." म्हणून हा कागद. मान मी जिवंतपणीच दिला आहे. या कागदाने भिकाजीला काहीच मिळत नाही, त्यामुळे त्याची साक्ष चालते.

कलम ८. माझी सात आसनी गाडी, राहिलेल्या सर्व सामानासह, दीपकची. म्हणजे गाडी बंद पडली की मागे ठेवायचा लाल त्रिकोण, बॅटरी, पाण्याचा कॅन, ताडपत्री, खिडकीचे पडदे आणि डिकीतली चटई. टायर नवे घातले आहेत, ब्रेक तपासले आहेत. माझ्यामागे एक वर्ष ती विकू नये. एवढी एकच अट मी घालतो, चालवण्याची अट घालत नाही. ते मी सांगून व्हायचे नाही, माझ्या सांगण्याने काय झाले ते वर लिहिले आहे.

पण गाडीत नुसता बसून बघ. पहिल्या दिवशी गॅरेजपासून फणसापर्यंत ने आणि परत आण. पुढे जमले तर योगिनीला शेजारी घेऊन पूर्णगडापर्यंत जा, ती ओरडत नाही. आणि कधीतरी शिमग्याला तिघे निघा. उजेड पडल्यावर निघा. दर दोन तासांनी थांबा, शमिकाला पाय मोकळे करू दे, चहा प्या. कोणी मागून हॉर्न वाजवला तर त्याला पुढे जाऊ दे. पालखी आता आपल्या घरी सगळी वाडी फिरून शेवटी येते, तीही दुसऱ्या दिवशी. तू कितीही वाजता पोचलास तरी वेळेवरच असशील. वाटेत तुला कोणाचाही फोन येणार नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी योगिनीने करावी. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही करत आहे.

ठिकाण : रत्नागिरी
दिनांक : २१ नोव्हेंबर २०२५

सही : शिवराम दादू रांबाडे

साक्षीदार :
१. भिकाजी बाळा गोताड, राहणार फणसकोंड
२. अ‍ॅड. तेजस्वी मायंगडे, राहणार रत्नागिरी