तपासलं, ठीक आहे

प्रिय धाकटे,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. राजीनामा टाकून आईकडे जाऊन बसलीस, नीट जेवतेस तरी का? आई भरवत असेल म्हणा. मी अशी जाऊन बसले असते ना, तर तिने आधी माझीच उलटतपासणी घेतली असती!

इकडचं सांगते. आपला नेमसर्व्हर दुरुस्त झाला. नाव विचारलं की साइटचा पत्ता शोधून देणारा तो बिचारा. पण बाहेरून आलेलं उत्तर किती लांब आहे हे न मोजताच तुझा कोड ते मेमरीत ओतत होता. अशा चुका शोधून कळवणाऱ्या त्या परक्या संशोधकाने मुद्दाम लांबलचक उत्तर पाठवलं, ते ठरलेल्या जागेत मावेना, शेजारच्या जागेत सांडलं आणि सर्व्हर कोसळला. त्याच वाटेने कुणीही आपले हुकूम आत घुसवू शकलं असतं. आता नवी आवृत्ती सगळ्या गिऱ्हाइकांकडे गेलीय, नुकसान कुणाचंच झालं नाही. तरी जेवणाच्या सुट्टीत जो तो तुझंच नाव घेतो.

खोटं कशाला बोलू, तुझी चूक उघडी पडली त्या दिवशी मला बरं वाटलं. तुला इथे आणलं मी, शिकवलं मी, आणि सहा महिन्यांत साहेब प्रत्येक अवघड काम तुझ्या टेबलावर ठेवायला लागले. घरी आईचं सुरू, धाकटीकडून शीक जरा. माझा नुसता तिळपापड व्हायचा. अगं, खिडकीजवळची माझी खुर्चीसुद्धा तू बळकावलीस!

आपल्याकडे एकाचा कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. तो कोड माझ्याकडे आला, त्याच सकाळी साहेबांनी सगळ्यांसमोर तुझी पाठ थोपटली होती. लांबी मोजलेली नाही, हे मला दिसलं. लख्ख दिसलं. तशी सूचना मी लिहिलीसुद्धा, आणि मग पुसून टाकली. म्हटलं, पडू दे एकदा तोंडावर, जिरेल चांगली. आणि खाली लिहिलं, ‘तपासलं, ठीक आहे.’

राजीनाम्यात तू लिहिलंस, ताईने माझ्यावर विश्वास ठेवून मंजुरी दिली, तिला बोल लावू नका. साहेबांनी ते मला वाचून दाखवलं. आज सकाळी त्यांना खरं काय ते सांगून आले. तुझा राजीनामा त्यांनी फाडला, माझा ठेवून घेतला. सोमवारपासून माझं पद तुला. अजूनही जळतेय गं मी, हे लिहितानासुद्धा. तरी ये.

तुझीच,
ताई