येळवशीचे पांढरे दगड

बोरगव्हाण (पुनर्वसन), ता. कंधार
रविवार, ९ मार्च २०२५

प्रिय सोमेश,

शरणार्थ. वहिनींना नमस्कार सांग. अप्पांची साखर आता कशी आहे? उदगीरला दुकानात दुपारी बसवत नसेल. इकडे ऊन फेब्रुवारीपासूनच तापलंय. दीपमाला बरी आहे. वहिनींना फोन करावा असं रोज म्हणते, पण तिचा धीर होत नाही. माझाही झाला नाही, म्हणून हे पत्र. उद्या सकाळच्या उदगीर गाडीच्या कंडक्टरकडे देतो. अर्धं वाचून बाजूला ठेवू नको, एवढी विनंती.

येत्या बुधवारी तुझा जबाब पुन्हा घेणार आहेत, असं कळलं. तो झाला की रखवालदार सटवाजीवर निष्काळजीपणाचा गुन्हा पक्का होईल. त्याआधी तू हे वाचायला हवंस.

आज सकाळी तलावाच्या किनाऱ्यावर गेलो होतो. रविवारचं झाडणं मी सोडलेलं नाही, का ते मला सांगता येणार नाही. दोन तासांत दोन पोती भरली. द्रोण, बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, एका लहान मुलीची चप्पल आणि काचा. काचा मी हातानं वेचतो, झाडूनं त्या वाळूत आणखी खाली जातात. लोक आता या जागेला चौपाटी म्हणतात. नांदेडहून गाड्या येतात, मोबाइलवर व्हिडिओ काढतात. नऊच्या सुमाराला चार जण नेमके विहिरीच्या अंगाला उतरले. मी ओरडलो. त्यातला एक म्हणाला, "काका, तुम्ही वॉचमन आहात का?" मी हो म्हणालो. "मग शिट्टी कुठंय?" बाकीचे हसले. मी पाण्यात उतरून त्यांच्यापुढं उभा राहिलो तेव्हा शिव्या देत बाहेर आले. दुपारी तिथं दुसरे कोणीतरी उतरले असतील.

त्या दिवशी दवाखान्याच्या आवारात तू मला विचारलं होतंस, "तिथं विहीर आहे हे कुणाला तरी माहीत होतं का?" मी मान खाली घातली होती. आता क्रमानं सांगतो.

ती विहीर आमची. तलाव झाला तेव्हा आमचं शेत पाण्याखाली गेलं, ते तुला ठाऊक आहे. पुनर्वसनात घर बांधताना आबांनी विहिरीचा कठडा उकलून दगड आणले. पावसाळ्यात ती जागा खोल पाण्यात असते. डिसेंबरात कालव्याला पाणी सोडलं की तलाव हटतो आणि विहीर कमरेभर पाण्याखाली येते. चालत गेलेल्या माणसाला पायाखाली वाळू लागते, वाळू लागते, आणि मग काहीच लागत नाही. किनारा समितीचा सचिव झाल्यावर मी पहिलं काम त्याचंच केलं. दोरी बांधली, ती चोरीला गेली. बांबू रोवले, ते लोकांनी चुलीत घातले. शेवटी काठापासून पाण्यात जाणाऱ्या दगडांच्या दोन ओळी मांडल्या, त्यांना चुना लावला आणि पाटी लिहिली, 'पांढऱ्या दगडांच्या मध्ये उतरू नये.' दगड कोण नेणार, असं मला वाटलं होतं. तीन वर्षं कोणी नेले नाहीत. सटवाजी शिट्टी घेऊन त्या ओळींपाशी बसायचा. त्या तीन वर्षांत त्यानं पाण्यातून पाच माणसं जिवंत काढली.

येळवशीच्या दिवशी, मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला, तो तिथं नव्हता, हे खरं. पण त्याला मी पाठवलं होतं. साडेबारा वाजले होते. त्याची बायको नागुबाई दोनदा बोलवायला येऊन गेली होती. मी म्हणालो, "सटवाजी, तुझीबी येळवस हाय. जा, जेवून ये. मी हाय हितं." तो जायला तयार नव्हता. म्हणाला, "सर, आज लई मानूस हाय." मी म्हणालो, "मी काय आंधळा हाय का?" तेव्हा गेला.

समितीच्या अहवालात मी लिहिलं, 'घटनेच्या वेळी रखवालदार जागेवर नव्हता.' वाक्य खरं आहे. खरं असल्यामुळेच ते मला इतके दिवस पुरलं.

तुझ्या ऋतुजाला बाहेर काढलं तेही त्यानंच. आरडाओरडा ऐकून तो घरून पळत आला, हातही न धुता. तिला काठावर ठेवल्यावर तू त्याच्या थोबाडीत मारलीस. एकदा, दोनदा. तो हात खाली सोडून उभा राहिला आणि माझ्याकडं पाहत होता. मी दीपमालाला सावरतोय असं दाखवत होतो.

*

इथवर लिहून थांबलो, जेवलो आणि पुन्हा वाचलं. आधी जे सांगायला सोपं, ते मी सांगितलंय. सटवाजीला जेवायला पाठवलं, यात माणुसकी दिसते. वाचणारा म्हणेल, भला माणूस आहे, चुकलं बिचाऱ्याचं. तसं नाही, सोमेश.

आमची शेतं बुडाली तेव्हापासून गावातले लोक येळवस तलावाच्या काठी करतात. जो तो आपल्या शेताच्या दिशेला तोंड करून कडब्याची कोप उभारतो, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतो, पुजतो, मग जेवतो. तुमच्याकडं शेत नाही म्हणून मी दरवर्षी तुम्हाला बोलवायचो. त्या दिवशी कोप उभी राहिली, पालेभाज्यांची भज्जी झाली, ताकातल्या आंबिलीचं मडकं आलं आणि मग कळलं, की दगडांची आणि चुन्याच्या डबीची पिशवी घरी राहिली. घर दोन किलोमीटरवर. अप्पांना उशीर चालत नाही, त्यांचे हात थरथरायला लागले होते. पूजेआधी ते घास घेणार नाहीत. ऋतुजा म्हणाली, "दयाकाका, तुमचे पांडव वनवासातून आलेच न्हाईत का अजून?" सगळे हसले. तू म्हणालास, "सचिवसाहेबांच्या राज्यात पांडवांना जागा न्हाई."

मी ओळीतून पाच दगड उचलले.

माझ्याच हातचा चुना होता त्यांना. स्वच्छ धुतलेले होते. उजव्या ओळीतले, पाण्याच्या अगदी कडेचे, म्हणजे आमच्या विहिरीच्या बाजूचे. मनात आलं होतं, की जेवण झालं की लगेच परत ठेवू. ते मनात आलं होतं, म्हणजे काय करतोय हे मला कळत होतं. तू पाठमोरा होतास, नारळ सोलत होतास. तुला वाटलं असेल, घरून आणले.

शेजारच्या कोपेतल्या म्हाताऱ्यानं मात्र पाहिलं. तो त्याच्या सुनेला म्हणाला, "सरच न्यायलेत की. आन आपलेबी." मग तिसऱ्यानं नेले, चौथ्यानं नेले. अर्ध्या तासात दोन्ही ओळी काठाच्या कोपांमधून जाऊन बसल्या. प्रत्येक कोपेत पाच पांडव, हळदीकुंकू लावलेले. मी ते बघितलं. सण आहे, पूजा आहे, कुणाच्या कोपेतून देव उचलून आणायचा, असं म्हणून मी गप्प बसलो. सटवाजीला घरी पाठवलं ते त्यानंतर; तोवर तो किनाऱ्याच्या पार पलीकडच्या टोकाला पोरांना हुसकत होता, तिथूनच त्याला धाडला. तो ओळी मोडलेल्या बघून बोलेल, म्हणूनही पाठवलं का? मी रोज स्वतःला हे विचारतो. उत्तर एक दिवस हो येतं, एक दिवस नाही.

जेवणं झाल्यावर रीतीप्रमाणं शेतात आंबील शिंपायची होती. ऋतुजानं तांब्या घेतला. "काका, तुमचं शेत तर पाण्यात हाय. मी मधी जाऊन शिंपून येते," म्हणाली. मी तिला बोटानं दिशा दाखवली. लिंबाचं वाळकं खोड पाण्याबाहेर दिसतं, त्याच्या अलीकडं आपलं शेत, असं सांगितलं. मग मडकं झाकायला वळलो. ती शिंपत, येळवशीची हाळी देत, गुडघाभर पाण्यातून गेली. पुढचं तू पाहिलंस.

माझ्या रोजनिशीत त्या दिवशीच्या पानावर 'येळवस. ऋतुजा गेली' एवढंच आहे. पंचवीस वर्षं रोज लिहितो मी. दगडांबद्दल आजवर एक ओळ लिहिलेली नाही.

सटवाजीकडं जाऊन आलो. समितीनं त्याला काढलंय, आता तो शेळ्या राखतो. मी सगळं बोललो. त्यानं बांधावर चढलेली शेळी हाकून खाली घेतली. मग म्हणाला, "मला ठाव हाय सर. आलो तवा वळी न्हवत्या. कोपंत दिसले की." मी विचारलं, मग पोलिसांना का नाही सांगितलं? म्हणाला, "देवाचे दगडं कुनी उचलले म्हनून कुनाकुनाचं नाव घेऊ? आन तुमी सांगून तरी माझं काय माघारी येतंय? बाजारात बाया लेकरं वडून घेत्यात मला बघून." नागुबाई आतून म्हणाली, "सरांला च्या करू का?" तो म्हणाला, "नको. सर जायलेत."

काल पोलीस ठाण्यातही गेलो. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "सर, दगड उचलणं हा कोणता गुन्हा? फिर्यादी रखवालदाराचं नाव घेतोय. त्यानं जबाब बदलला तर बघू." सरपंच पंढरीनं रस्त्यात गाठलं. "दया सर, ज्याच्यावर आलंय त्याच्यावर आलंय. तुमी सारं गाव कशाला नागवं करायलाव?" त्याच्याही कोपेत पाच होते.

म्हणजे आता फक्त तुझा शब्द उरला. आणि तू तो बदलशील असं मला वाटत नाही, कारण बदलायचा तर तुला दगडांचं सांगावं लागेल. ते वहिनींच्या कानावर जाईल. त्या पाच दगडांना पहिलं कुंकू वहिनींनी लावलं होतं. ओटी भरली होती, डोकं टेकवलं होतं. आपल्या लेकीला अडवायला ठेवलेले दगड आपण पुजत बसलो होतो, हे कुठल्या आईला कळावं? अडीच महिने मी गप्प राहिलो तो याच कारणानं, असं स्वतःला सांगत आलो. त्यात थोडं खरं आहे. पण त्या थोड्या खऱ्याआड मी सगळा लपलो आणि सटवाजी उघडा पडला.

वहिनींना हे पत्र दाखवू नको, असं लिहिणार होतो. मग सटवाजीचं काय? दाखव, असंही माझ्यानं लिहवत नाही. ठरवायचं तुझ्यावर टाकतोय. हेही भित्रेपणच आहे, ते मला दिसतंय, पण यापुढं मला वाट सापडत नाही.

क्षमा मागत नाही. तू केलीस तरी ती कुठं ठेवावी, मला कळणार नाही. बुधवारी सकाळपासून मी ठाण्याच्या फाटकाशी उभा असेन. तू ओळख दाखवली नाहीस तरी तिथंच असेन.

हे पत्र जबाबाला जोडता यावं म्हणून खाली पूर्ण नाव लिहून सही करतो. वरचा सगळा मजकूर माझ्या हातचा आहे. पाच दगड मी उचलले.

दयानंद भुजंगराव पवळे
सचिव, किनारा देखभाल समिती, बोरगव्हाण