तीन तासांचा पंखा

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (टेबल आणि कपाट यांच्या फटीत बसून लिहितेय, त्यामुळे आठांपैकी तीनच अंगं टेकली, बाकीची पोचली असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी अजून तुमच्या चहातली साखर परस्पर कमी करते का? इकडे सगळे खुशाल. आईला ऐकू येत नाही असं ती सांगते, पण शेजारच्यांचं सगळं येतं. बाबा एकोणऐंशीत शिरलेत आणि रोज सकाळी गिरणीच्या फाटकापर्यंत फिरून येतात. फाटक कधीच गेलं, पण मागे वळतात ते बरोबर तिथूनच.

पत्रास कारण गिरणीच. मागांची शेड येत्या पंचवीस तारखेला पाडणार आहेत. रंगखात्यात व्यायामशाळा झालीय, तिथे लोक घाम गाळत जागच्या जागी धावतात. भोंगा भंगारात गेला. (आता वस्तीत एकच भोंगा उरलाय, ज्याला जन्मल्याबरोबरच्या रडण्यावरून तुम्ही ते नाव ठेवलंत.) समोरच्या उंच इमारतीतल्या नव्या बिऱ्हाडांनी तक्रार केली की आमच्या गल्लीत सकाळपासून भांडणं चालतात. मामा, आम्ही मीठ मागत होतो. तर शेड जाण्याआधी वस्तीचा इतिहास नोंदवून ठेवायचं आमच्या ग्रंथालयाने ठरवलं, त्यासाठी एक भिंत आणि एक कपाट मोकळं केलं, आणि मी इथेच जन्मले या एकाच पात्रतेवर ते काम माझ्या गळ्यात मारलं.

मी आवाज टिपायचं यंत्र घेऊन घरोघर गेले. सात म्हातारे, तीन म्हाताऱ्या. लग्न, नळावरची रांग, दुखणारी पाठ याबद्दल सगळे भरभरून आणि तीन घरांना ऐकू जाईल असे बोलले. मग मी विचारायची, आता माग कसा चालायचा ते सांगा. की डोळे चमकायचे, पाठ ताठ व्हायची आणि माणूस मन लावून सांगायला लागायचा. मीही मान डोलावत होते. गिरणीवाल्यांच्या घरात वाढलेली मुलगी मी, मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंनी यंत्र लावलं. लग्नं आणि नळ खणखणीत आले, पण मागाचे तीन तास नुसता छताचा पंखा, आणि मधूनमधून माझं ‘हो का’ आणि ‘अगं बाई’. बाईंनी शांतपणे विचारलं की मी पंख्याची मुलाखत घेतली का. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मागांच्या खडखडाटात तुम्ही कुणी कधी आवाज काढून बोललाच नाहीत. ओठ हलवायचे आणि हातांनी सांगायचं. मागाची गोष्ट निघाली की या सगळ्यांचा आवाज आजही आपोआप बंद होतो, आणि मी शहाणी ती आवाजाच्या यंत्रात भरत होते.

मग चित्रीकरण करायचं ठरलं. कॅमेरेवाला मिळाला तो लग्नांचा. त्याची जन्माची सवय एकच, हात खाली आणि हसा. त्याने वस्तीतला अख्खा इतिहास हात खाली करायला लावून हसवत ठेवला. त्याला समजावण्यात एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी बाबांची पाळी. बाबा कॅमेऱ्यासमोर बसले आणि गप्प. ओठ नाही, हात नाही. विचारलं तर म्हणाले, समोरच्या मागावर माणूस नसताना बोलायचं कुणाशी, भिंतीशी? समोरच्या मागावर चोवीस वर्षं कोण होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. शेवटी आईला समोर बसवलं, तिला हातांचं बोलणं वाचता येतं. बाबांचे हात दहा मिनिटं असे चालले की मी आयुष्यात त्यांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. मला घरातल्या दोनच खुणा येतात, ‘चहा’ आणि ‘मुकादम आला’, त्यामुळे काही कळलं नाही. आई आधी हसली, मग पदराने डोळे पुसले, आणि काय झालं विचारलं तर म्हणाली, भाजी करपेल.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, मामा. बोलणारे हात एवढेच उरलेत, ते वाचणारे त्याहून थोडे, आणि मी त्यात नाही.

असो. एवढंच कळवायचं होतं, बाकी काही काम नव्हतं. मामींना नमस्कार, लहानांना पापे.

तुमची भाची,
भोंगा

ता. क. खरं म्हणजे काम आहे. ग्रंथपालबाईंना भिंतीवर पाटी लावायचीय, ‘शेवटचं कापड या मागावर विणलं’. कुणाच्या, तुमच्या की बाबांच्या, यावरूनच तुम्ही दोघं अकरा वर्षं बोलत नाही आहात हे त्यांना माहीत नाही. तुम्ही वीस तारखेच्या आत या आणि बाबांच्या समोर बसा.

ता. क. २. तुमच्याशी तोंडातून आवाज काढणार नाही, अशी बाबांची शपथ आहे हे मला ठाऊक आहे. आईने त्यांच्या लक्षात आणून दिलं की हातांच्या बोलण्यात आवाज निघतच नाही. बाबांनी यावर दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मुद्दा बरोबर आहे.

ता. क. ३. आईने काल अखेर सांगितलं. त्या दहा मिनिटांत बाबा शेवटी म्हणाले होते, ‘माझा माग आधी थांबला. त्याचा नंतर.’ मी धावत कॅमेरेवाल्याकडे गेले. त्याने लाजत सांगितलं की लग्नात दुपारी त्या वेळी जेवणं चालू असतात, म्हणून त्याने सवयीने कॅमेरा बंद ठेवला होता. तेव्हा पुरावा काही नाही. पुन्हा वदवून घ्यायचं तर समोर तुम्हीच हवेत.

ता. क. ४. बाबांनी आज ओटीवर पावलांनी अंतर मोजून दोन स्टुलं समोरासमोर मांडली. एकावर आईने धुण्याची बादली ठेवली, तर लगेच उचलायला लावली. ते स्टूल मोठं आहे. तुम्ही जाड झाला असाल, असं त्यांचं म्हणणं. (हा निरोप तुम्हाला, म्हणून हातांनी म्हणाले; वाचून आईने सांगितलं. शपथ शाबूत आहे.)