पुतळाचा फॉर्म आणि आमचा वायफाय

काल्हेर, बुधवार

तीर्थस्वरूप हसुरामदादा यांच्या पायांवर डोकं ठेवून मेहुणा केसरीनाथ याचा नमस्कार.

आम्ही दोघं इकडे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा, वहिनींची साखर आणि तुमची नवी कवळी या तिघांचीही खुशाली कळवावी. फोनच करणार होतो. पण हळू बोललो तर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून बोललो तर पुतळाला ऐकू जातं, म्हणून कागद घेतला. एजाज ड्रायव्हर उद्या आमच्या शेजारच्या गोदामातून कंटेनर घेऊन उरणच्या बंदरावर येतोय, तो पत्र आणून देईल. (त्याला चहा द्यावा, साखर वेगळी. तो स्वतः घालून घेतो आणि पुष्कळ घालतो.)

विशेष म्हणजे तुमची बहीण दहावीला बसतेय. आधी पाणी प्या, मग पुढे वाचा. झालं असं, की बचत गटाची अध्यक्ष म्हणून ती बँकेत गेली होती. तिथल्या पोराने विचारलं, "काकी, शिक्षण?" ही म्हणाली, "सातवी." त्यावर तो अगदी प्रेमाने म्हणाला, "चालेल, सही येते ना?" दादा, तो पोरगा वाईट नाही, पण पुतळा घरी आली ती चप्पल न काढताच ओट्यापाशी उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या मुलीची जुनी पुस्तकं घरात आली. भाकरी थापताना परातीशेजारी विज्ञान भाग दोन उघडं असतं. (एका भाकरीवर 'पेशी' असा शब्द पिठाच्या बोटाने लिहिलेला मी पाहिला आणि खाल्ला.) बाहेरून परीक्षा देणाऱ्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि तो इंटरनेटवर असतो. मोबाईलवरची अक्षरं तिला मुंगीएवढी दिसतात, म्हणून आपल्या भाविकने पुण्याहून त्याचा जुना लॅपटॉप पाठवला. वर्षभर कपाटात बंद पडून होता, पण चालू झाला.

रविवारी सकाळी अंघोळ करून, कुंकू लावून ती लॅपटॉपसमोर बसली. वायफाय जोडला. कोपऱ्यातली खूण पूर्ण भरलेली. मी म्हटलं, बघ, माझ्या हाताला यश आहे. फॉर्मचं पान उघडायला गेलो तर लाल त्रिकोण आणि त्याखाली वीतभर इंग्रजी. दुसरं पान उघडलं, तिथेही तेच. मी ते इंग्रजी बाजूला सारलं आणि रोगाच्या मुळाशी गेलो. माझं निदान असं, की चारी बाजूंनी पत्र्याची गोदामं झाल्यामुळे सिग्नल बिचारा दमून येतो. म्हणून राऊटर आधी फ्रीजवर ठेवला, मग माळ्यावर, मग देव्हाऱ्याशेजारी. पुतळाला लॅपटॉप ताटासारखा हातांवर घेऊन गॅलरीत कशेळीच्या खाडीकडे तोंड करून उभं केलं. खालून जाणाऱ्या ट्रकवाल्याला वाटलं काहीतरी विकतेय. त्याने हॉर्न वाजवून भाव विचारला. भाविक फोनवर म्हणाला, "पप्पा, राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा." मी अकरा वेळा केलं. त्याने सांगितलं, ब्राउझरमधला जुना साठा पुसा. पुसला. त्यात पुतळाने जमवलेल्या प्रश्नपत्रिकांचे पत्तेही गेले. ती उठून भांडी घासायला गेली. काही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

या सगळ्या वेळात माझा मोबाईल त्याच वायफायवर तुरुतुरु चालत होता. पण ती गोष्ट मी मनावर घेतली नाही. सोमवारी इंटरनेटवाल्याला बोलावला. त्याने स्वतःचा मोबाईल जोडून दाखवला, "काका, लाइन एकदम ओके," म्हणाला आणि सरबत पिऊन गेला. तो गेल्यावर मी लॅपटॉप स्कूटरच्या पुढच्या जागेत उभा करून भिवंडीला निजामपुऱ्यात फखरुद्दीनकडे गेलो. (माझा शाळेपासूनचा मित्र, लूमवाला, भाविकच्या लग्नात तुमच्याशी खाडीच्या जिताडा माशावरून वाद घातला तो.) त्याच्या ऑफिसात लूमच्या खडखडाटात लॅपटॉप त्याच्या वायफायला जोडला. पुन्हा लाल त्रिकोण! मी आनंदाने म्हटलं, "फखरू, तुझाही वायफाय खराब आहे." त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "केसरी, माझ्याकडे चार माणसं त्याच्यावर काम करतायत. तुझ्या घरात तुझा मोबाईल चालतोय. मंग खराब कोण राहिला?" मी म्हटलं, "भिवंडीची हवा." त्याने बिर्याणी मागवली आणि विषय बदलला.

मंगळवारी दुपारी मी हरलो. लॅपटॉप पुतळापुढे ठेवून म्हटलं, "हे यंत्र तुझ्या नशिबात नाही." ती अंगारकीच्या उपासाची वरी-आमटी शिजवत होती. हात पुसत आली, चष्मा वर सारून पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात वाकून बघत राहिली.

"आज मंगळवार हाय ना?"

"हाय."

"मंग हा रविवार का दाखवतो? आन जानेवारी? गनपती जाऊन दोन आठवडे न्हाय झाले."

मी भाविकला फोन लावला. तो एवढा हसला की मी फोन कानापासून लांब धरला. लॅपटॉपच्या पोटात एक छोटा गोल सेल असतो म्हणे, तारीख-वेळ सांभाळणारा. तो मेला होता, त्यामुळे लॅपटॉप आठ वर्षांपूर्वीच्या जानेवारीत जाऊन बसला होता. आजच्या पानांची ओळखपत्रं त्याला पुढच्या काळातली वाटत होती, म्हणून तो प्रत्येकाला दारातून परत पाठवत होता. भाविकने लाल त्रिकोणाखालचं इंग्रजी वाचून दाखवायला सांगितलं. मी चष्मा सापडत नाही म्हटलं. पुतळाने एकेक अक्षर जुळवत वाचलं: युवर. क्लॉक. इज. बिहाइंड. तुमचं घड्याळ मागे आहे. तीन दिवस ते तसंच लिहिलेलं होतं! तिनेच तारीख बदलली, तिनेच बटण दाबलं, आणि फॉर्मचं पान असं उघडलं की मला जरा डोळे पुसावे लागले. (आमटीत मिरची जास्त होती.)

तर इकडे सर्व मजेत. वहिनींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद.

आपला,
केसरीनाथ

ता. क. सर्व मजेत नाही. फॉर्म अर्धा भरून झाला आणि शाळा सोडल्याचा दाखला मागितला. पुतळाने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "जाऊ द्या." तो दाखला तुमच्या ट्रंकेत आहे हे तिला माहीत आहे. तुमची आई गेली तेव्हा घर बघायला तिला शाळेतून तुम्ही आणलंत, दाखलाही तुम्हीच काढलात. तुम्ही तेव्हा सतरा वर्षांचे होता दादा, तुम्ही तरी काय करणार होता. पण मागितला तर तुमच्या मनाला लागेल, म्हणून ती मागत नाही. पुढच्या मंगळवारी मुदत संपते. एजाजच्या हाती द्यावा. मी हे लिहिल्याचं तिला कळू नये.

ता. क. २. लग्नाच्या बैठकीत मी मॅट्रिक पास असल्याचं आपणांस सांगितलं होतं. नववी नापास आहे. काल फॉर्म दोन उघडले गेले, एक तिचा आणि एक माझा. माफी असावी.

दादा, मी पुतळा. यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं. नववीचं मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं, ते सोड. दाखला एजाजभाईकडे देऊ नको, तूच घेऊन ये, आणि आठ दिवस राहा. आई गेल्यावर तू ओटीवर बसून भूमिती घोकायचास आणि मी चुलीपाशी ऐकायची. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग, इथपर्यंत मला अजून पाठ आहे. तेवढ्यात दूध उतू गेलं होतं. पुढचं राहिलंय, ते शिकवायला ये.