एका पाकिटातला नाताळ

१२ नोव्हेंबर

ती. ताईस,
ठमीचा स. न. वि. वि.

पत्र पोचलं. संसार कसा चाललाय हे तू एका ओळीत विचारून मोकळी झालीस, उत्तराला मात्र मला दोन पानं लागणार.

घरात सगळे बरे आहेत. लिफ्टवाले (हे नाव तू पाडलंस, आता मीही घरात तेच म्हणते) रोज कुठल्या तरी इमारतीच्या पोटात शिरतात आणि संध्याकाळी ग्रीसने माखलेले हात घेऊन येतात. ओव्हरटाइम मात्र ऑगस्टपासून बंद झालाय. थोरली पंधरा वर्षांची. उंची अशी, की तिचे बाबा तिला शिडी म्हणतात. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या घरी शिडी! धाकटी नऊ वर्षांची. ती जेवतानासुद्धा गुणगुणते म्हणून भुंगा. लग्नाला सात महिने झाले, दोघी माझ्याशी नीट वागतात, म्हणजे पाहुण्यांशी वागावं तशा.

अडचण आहे ती नाताळची. मुलींची आई गेल्यापासून डिसेंबरात यांच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नाही. गेल्या वर्षी सायकल काय, भुंग्याच्या उंचीचं बाहुलीघर काय, आजीला कानातले, आत्याच्या जुळ्यांना दोन वेगवेगळ्या आगगाड्या! मग जानेवारीत शाळेच्या बसचे पैसे भरायला उरले नाहीत आणि दोघी महिनाभर चालत गेल्या. हे मला त्यांनी सांगितलेलं नाही. शाळा सुटल्यावर भुंग्याला सांभाळणाऱ्या शेजारच्या बाईंनी सांगितलं.

म्हणून मी एक केलं. सगळी खर्च झाली तरी जानेवारी इतर महिन्यांसारखाच जाईल एवढीच रक्कम पाकिटात घातली आणि पाकीट मुलींसमोर ठेवलं. सगळ्यांच्या भेटी यातून, कोणाला काय ते तुम्ही ठरवा, वर एक पैसा मिळणार नाही, असं सांगितलं. लिफ्टवाले म्हणाले, मुलांना हे दाखवू नये. मी म्हटलं, पायी गेल्या त्या, म्हणजे त्यांनी पाहिलेलंच आहे.

कोपऱ्यावरच्या दुकानात एक लांब लाल कोट टांगलाय. शिडी मुद्दाम त्या रस्त्याने घरी येते. तो घेतला तर पाकीट जवळजवळ रिकामं होईल. तिने पाकीट उचललं, आत पाहिलं आणि भुंग्याला घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

माझी काळजी करू नकोस. करायचीच असेल तर बेताची कर.
तुझी,
ठमी

२० नोव्हेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

शिकाऊ माणसाच्या हाती स्टिअरिंग देते तेव्हा माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. तुझ्या पायाखाली काय आहे?

रागावू नकोस. हिशेब तू बरोबरच केला असशील, लहानपणापासून तू खाऊचे सुद्धा सारखे भाग करायचीस आणि स्वतःला तुटका घ्यायचीस. पण ज्या घरात चार वर्षं कोणी 'नाही' म्हटलेलं नाही, त्या घरात पहिल्याच नाताळला तू नाही म्हणणार. पोरी ते पैशांबद्दल ऐकणार नाहीत, तुझ्याबद्दल ऐकतील. लिफ्टवाल्यांनी स्वतः 'नाही' का म्हटलं नाही? त्यांच्या मुली, त्यांचा पगार. तू त्यांच्या आड उभी राहतेस आणि ते निवांत.

इकडे विशेष काही नाही. एका शिकाऊ आजोबांनी काल गाडी कुंपणात घातली आणि कुंपण चुकीच्या जागी आहे असं मलाच ऐकवलं. त्यांना पंचविसावा धडा लागणार बहुतेक. फी मिळते, तक्रार नाही.

माझ्यासाठी त्या पाकिटातून छदाम काढू देऊ नकोस. मला मोजूच नका.

जपून राहा, पत्राला उशीर करू नकोस, एवढी माया ठेव.
ताई

३ डिसेंबर

ती. ताईस,
स. न. वि. वि.

तुझ्या ब्रेकची गरज लागली नाही. पोरींनी गाडी व्यवस्थित चालवली.

पंधरा दिवस त्या दोघी खोलीचं दार लावून भांडत होत्या. दुकानं पालथी घातली, एका दुकानदाराशी तर शिडीने इतकी घासाघीस केली की त्याने तिला नोकरी देऊ केली म्हणे. रविवारी जेवणानंतर तिने आम्हाला बसवलं आणि बोटांवर मोजत एकेक सांगितलं. आजीची गरम पाण्याची पिशवी गळते, तर नवी पिशवी. जुळ्यांना मिळून एक चांगला फुटबॉल, कारण दोन वस्तू दिल्या की ते एकीवरूनच मारामारी करतात. आत्याला केकचं भांडं. शेजारच्या बाईंना छत्री, कारण त्यांची भुंग्याने हरवली. बाबांना चामड्याचे हातमोजे. भुंग्याला माउथ ऑर्गन. यावर लिफ्टवाल्यांनी डोक्याला हात लावला. शिडीला स्वतःला कॅनव्हासचं दप्तर. कोटाचा विषयच नाही. कागद आणि रिबिनीपुरते पैसे राखून पाकीट रिकामं.

माझ्याच्याने हे इतकं चांगलं झालं नसतं. कोणाला काय हवंय हे तिला बरोबर ठाऊक आहे.

मी टेबल पुसत होते. शिडीची बोटं संपली. मी आणखी थोडा वेळ पुसत राहिले. वाट बघतेय हे माझं मलाच उशिरा कळलं. लिफ्टवाल्यांनी पोरींची पाठ थोपटली, मीही छान म्हटलं आणि फडकं धुवायला गेले.

यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पाकीट मी दिलं, नियम मी केला, माझं नाव घालायला सांगितलं नव्हतं. आठ महिन्यांत माणूस बोटांवर येत नाही. तुला लिहिलं ते घडलं म्हणून, तक्रार म्हणून नाही.

दुकानात गर्दी आहे. वर्ष संपता संपता सगळ्यांना चष्मे आठवतात. दिवसभर काचा घासून खांदा भरून येतो.

तुझी आठवण येते, तुलाही येऊ दे.
ठमी

९ डिसेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

शेजारणीला छत्री आणि तुला फडकं. वा!

तुझ्या पत्रातला शहाणपणा मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा मला संताप आला. तक्रार नाही असं जो लिहून सांगतो त्याची तक्रारच असते, हे मला रोज गाडीत ऐकून कळलंय. लिफ्टवाल्यांच्या लक्षात आलं की नाही? इतक्या मजल्यांचे दोर तपासणाऱ्या माणसाला घरातलं एक माणूस मोजता येऊ नये?

मी एक पार्सल पाठवते, मुलींकडून म्हणून ठेव. नाहीतर तोंड उघडून सांग. दोन्हीपैकी एक कर. दोन्ही करणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

रागावले तरी तुझीच,
ताई

१४ डिसेंबर

आदरणीय मावशी,
(असंच म्हणायचं ना? मला नक्की माहीत नाही.)
स. न. वि. वि.

मी शिडी. लग्नात तुम्ही मला विचारलं होतं की मी आणखी किती वाढणार आहे. दीड इंच वाढले.

तुमचा पत्ता मी टेबलावरच्या पाकिटामागून घेतला. पत्र वाचलं नाही. तुमच्या बहिणीबद्दल एक विचारायचं होतं. नाताळच्या भेटी आम्ही ठरवल्या, त्यात त्यांचं नाव घातलं नाही. भुंग्याने विचारलं तेव्हा मी सांगितलं की पैसे त्यांचेच आहेत, त्यांच्याच पैशांनी त्यांना दिलं तर ती भेट कशी होईल? भुंग्याला ते पटलं. पण तसं तर बाबांचे हातमोजेही बाबांच्याच घरातल्या पैशांचे आहेत, हे मला नंतर सुचलं.

खरं म्हणजे मला काही सुचलंच नव्हतं. आजीचं, आत्याचं, शेजारच्या बाईंचं लगेच सुचलं. यांना काय आवडतं ते आम्हाला माहीत नाही. त्या सगळं खातात. सगळं चालेल म्हणतात. सिनेमा कुठलाही लावला तरी बघतात. आम्ही दोघींनी खूप विचार केला, एकही गोष्ट आठवली नाही.

परवा बाबांनी मला जिन्यात गाठून जादा पैसे देऊ केले, तिच्यासाठी काहीतरी आण म्हणाले. मी घेतले नाहीत. वर एक पैसा मिळणार नाही असं ठरलं होतं आणि बाबाही तिथेच बसले होते. आता पाकीट रिकामं आहे, त्यामुळे भेट फुकटातली हवी किंवा हाताने करता येईल अशी. भुंग्याला शिवण येत नाही, मला थोडी येते.

तर त्यांना काय आवडतं ते कृपया लिहा. त्यांना सांगू नका.
तुमची नम्र,
शिडी

१८ डिसेंबर

चि. शिडीस,
अ. उ. आ.

मावशी बरोबर आहे. 'आदरणीय' काढून टाक, शिकाऊ लोक परीक्षेच्या आदल्या दिवशी मला तसं म्हणतात.

बापाचे पैसे घेतले नाहीस, हे मला फार आवडलं. त्यांना जिन्यात उभं राहायची गरज पडली नसती, जेवणाच्या टेबलावर बोलता आलं असतं.

ठमीला काय आवडतं ते मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही. मी सांगितलं तर ती भेट माझी होईल. तू तिच्या घरात राहतेस, मी नाही. एवढंच सांगते, तिला विचारलंस तर ती 'काही नको' म्हणेल. ते उत्तर धरायचं नाही. हे लहानपणापासून चाललंय आणि आम्ही सगळे ते धरत आलो, कारण त्यात आमची सोय होती.

सकाळी घरातून निघाल्यावर संध्याकाळपर्यंत ती कुठे असते ते तू कधी पाहिलंयस का? शाळेनंतर एकदा जाऊन बस. काही विकत घ्यावं लागत नाही.

काही लागलं तर लिही, संकोच ठेवू नकोस.
तुझी,
मावशी

२७ डिसेंबर

ती. ताईस,
स. न. वि. वि.

पार्सल पाठवलं नाहीस, बरं केलंस. आता क्रमाने सांगते, नाहीतर तू मधलंच वाचशील.

नाताळच्या आधी दोन-तीन दिवस, दुपारी, शिडी दुकानात आली. मी मागे चाकावर काच घासत होते, त्या आवाजात मला काही कळलं नाही. मालकांनी काय हवंय विचारलं तर नुसतं बघायला आले म्हणाली. गिऱ्हाईक नव्हतं, मालकांना कंटाळा आला होता, त्यांनी गंमत म्हणून तिला तक्त्यासमोर बसवलं. वरच्या दोन ओळी तिने वाचल्या आणि खालच्या ठोकून दिल्या, अगदी आत्मविश्वासाने. मग मालकांनी मला हाक मारली.

मी तिला विचारलं, वर्गात फळा दिसतो का. ती म्हणाली, सगळ्यांना तेवढाच दिसतो ना.

ताई, आठ महिने ती माझ्याकडे बघताना कपाळाला आठ्या घालायची, डोळे बारीक करायची, आणि मी त्याला राग समजत होते. टेबलापलीकडून, दारातून, नेहमीच. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचं बघणारी बाई मी. मालकांसमोर मला खाली बघावंसं वाटलं.

काचा मालकांनी मूळ भावात दिल्या, घासल्या मी. फ्रेम तिने निवडली, गडद निळी. पैसे मी वेगळे देणार होते, डोळे म्हणजे काही भेट नाही. तिने ऐकलं नाही. वरून दिले तर जानेवारीत कमी पडतील, नियम तुम्हीच केलाय, असं तिने मला माझ्याच दुकानात सुनावलं. दप्तर परत करून ती पैसे घेऊन आली. जुन्या दप्तराचा पट्टा लिफ्टवाल्यांनी जाड दोऱ्याने शिवून दिला. थोडे कमी पडले ते मी घातले, तेवढं तिने चालवून घेतलं.

चष्मा लावून घरी आली आणि बापाकडे बघून म्हणाली, बाबा, तुम्ही म्हातारे दिसायला लागलात की! लिफ्टवाले संध्याकाळभर आरशासमोरून हलले नाहीत.

नाताळच्या सकाळी भेटी वाटल्या. हातमोजे घालून लिफ्टवाल्यांनी चहाचा कप धरला आणि सांडला. माउथ ऑर्गनबद्दल लिहीत नाही, अजून कानात आहे. सगळं वाटून झाल्यावर शिडी माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, तुमच्यासाठी काही नाही. मावशींना विचारलं होतं, त्यांनी सांगितलं नाही. तर आता तुम्हीच पाच गोष्टी सांगा, तुम्हाला आवडणाऱ्या. मी काही नको म्हटलं. भुंगा ओरडली, ते धरायचं नाही! तिला हे कोणी शिकवलं ते मला लगेच कळलं.

तुला सांगते, परीक्षेत बसल्यासारखं झालं. तिघं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपायला आवडतं. भुंगा म्हणाली, हे कागदात कसं बांधणार? शिडीने तिला गप्प केलं. मग म्हटलं, पावाच्या कडेचा कुरकुरीत तुकडा आवडतो. लिफ्टवाल्यांनी आपल्या ताटलीकडे पाहिलं. तो तुकडा रोज तेच उचलतात. त्यांनी तो मुकाट्याने माझ्या ताटलीत सरकवला, आणि हळूच म्हणाले की त्या रविवारी त्यांच्याही लक्षात आलं होतं, पण पोरींसमोर बोलायचा धीर झाला नाही. मी ऐकून घेतलं. तिसरी गोष्ट, दुसऱ्या खोलीत कोणीतरी बोलत असताना पडून राहायला आवडतं. त्यापुढे काही सुचेना. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं, तर उत्तर तयार कुठून असणार? चहा गार झाला म्हणून मी उठायला लागले.

शिडी म्हणाली, बस ना, अजून दोन राहिल्यात तुझ्या.

ही मुलगी मला लग्नाच्या दिवसापासून अहो-जाहो करते, हे मी तुला कधी लिहिलं नव्हतं. तिच्या काही लक्षात आलं नाही, ती चष्मा पुसत होती. मीही चेहरा हलू दिला नाही. मी बसले.

चौथी आणि पाचवी अजून सांगायच्या आहेत. रोज जेवताना विचारणा होते आणि मी विचार करतेय म्हणून सांगते. बसचे पैसे कालच भरून टाकले.

माया आहे तशी राहू दे, आणि फेब्रुवारीत सुट्टी काढून ये. शिडी तुला गाडी शिकवायला सांगणार आहे, आतापासून तयारीत राहा.
तुझी,
ठमी